सोपान परत येईल का?

‘अंदाजपंचे’ लेखमाला : भाग सातवा

मागच्या भागात पावसाचा अंदाज झाला. पावसाला निदान वेधशाळा आहे, पंचांग आहे, आणि दोन्ही चुकली तर शिव्या घालायला आभाळ आहे. आजचा विषय त्याहून निसरडा. बीड जिल्ह्यात येत्या दहा-पंधरा वर्षांत बारशाच्या दिवशी आत्या बाळाच्या कानात कोणतं नाव सांगेल?

अमेरिकेत हा प्रश्न निम्मा सोपा होतो. तिथलं सामाजिक सुरक्षा खातं दरवर्षी नवजात मुलांच्या नावांची यादी जाहीर करतं आणि १८८० सालापासूनचे आकडे कुणालाही बघता येतात. आपल्याकडे जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९चा. नोंदी होतात, पण कोणतं नाव किती जणांना ठेवलं याची यादी निघत नाही. शिवाय जन्म एकवीस दिवसांत नोंदवायचा असला तरी नावाची जागा कोरी ठेवता येते. ती बारा महिन्यांपर्यंत फुकट भरता येते आणि पुढे शुल्क देऊन पंधरा वर्षांपर्यंत.

बीडचा गुंता याहून मोठा. दसरा झाला की केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी इकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. हंगामात फडाजवळच्या कोपीत किंवा तिथल्या दवाखान्यात बाळ झालं, तर कायद्याप्रमाणे नोंद त्या गावची. बाळ बीडचं, आत्या बीडची, आणि कागद सांगलीचा नाहीतर बेळगावचा. तेव्हा उद्या एखाद्या अधिकाऱ्यानं जिल्ह्याची यादी काढलीच, तरी तिच्यात बीडची सगळी मुलं सापडायची नाहीत.

मग मतदार यादी उघडायची. मराठी माणसाच्या नावात वडिलांचं नाव असतं, ही आपली फार मोठी सोय आहे. यादीत मतदाराचं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव आणि वय असतं, म्हणजे एकाच नोंदीत दोन पिढ्या. पन्नाशीतल्या लोकांच्या वडिलांचा रकाना वाचला की पाऊणशे-ऐंशी वर्षांपूर्वीची बारशी दिसू लागतात: ज्ञानोबा, पांडुरंग, लिंबाजी, आसाराम, रामकिसन. उजेडातल्या घराण्यांतही हाच उतार आहे. नाथ्र्याचे पांडुरंग मुंडे, त्यांचे चिरंजीव १९४९ साली जन्मलेले गोपीनाथ, आणि गोपीनाथरावांच्या मुली पंकजा, प्रीतम, यशश्री. अंबाजोगाईत वाढलेले प्रमोद महाजन घ्या. वडील व्यंकटेश, मुलं पूनम आणि राहुल. जत्रेला किंवा वारीला ज्याच्या दारी जायचं त्या देवाच्या नावापासून देशात कुठल्याही गावी खपेल अशा नावापर्यंत यायला दोन-तीन पिढ्या पुरल्या.

बायकांच्या बाबतीत मात्र ही युक्ती लंगडी पडते, कारण लग्नानंतर यादीत वडिलांच्या जागी नवरा येतो आणि काही घरांत तर नवरीचं नावही बदललं जातं. जुन्या पिढीच्या प्रयागबाई, गयाबाई, केशरबाई, चंद्रभागाबाई यादीत भेटतात, पण त्यांना कुणाच्या लेकी म्हणून धरता येत नाही. मुलींसाठी शाळेचं जनरल रजिस्टर आणि अंगणवाडीची वही हाच आधार. तिथेही एक काळी बाजू आहे. २०११च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात बीडमध्ये हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात सगळ्यांत कमी. त्या वर्षांच्या वहीत मुलींचा रकानाच आखूड आहे. फॅशनचा वारा आधी मुलींच्या नावांना लागतो, असं बाहेरच्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलंय. मुलाच्या नावात आजा-पणजाचा हक्क असतो, मुलीच्या नावात आईबापांना हौस करू देतात. म्हणजे जो रकाना आधी वाचायचा, तोच बीडमध्ये सर्वांत अपुरा.

इथे कुणी म्हणेल, नावाचं अक्षर तर पत्रिकेतून निघतं, मग फॅशन कसली? बरोबर आहे. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, एकूण एकशेआठ अक्षरं. अश्विनीचा पहिला चरण असेल तर ‘चू’, रोहिणीचा दुसरा असेल तर ‘वा’. चंद्र साधारण दिवसाला एक नक्षत्र ओलांडतो, म्हणजे कोणत्या घराला कोणतं अक्षर जाईल यात कुणाचीच आवडनिवड नाही. आर्द्रावर जन्मलेल्याच्या वाट्याला ‘घ’, ‘ङ’, ‘छ’ येतात आणि गुरुजीच हळूच पळवाट सुचवतात: नावरस नाव वहीत ठेवा, हाक मारायला दुसरं बघा. पण यातच आपल्या अंदाजाची किल्ली आहे. पहिलं अक्षर ग्रहांनी वाटून दिलं, तर हौसेला जागा उरते ती नावाच्या शेवटाला. अमेरिकेत २००५च्या कॅटरिना वादळानंतर ‘क’नं सुरू होणारी नावं थोडी वाढली, असं २०१२ साली छापून आलेल्या एका अभ्यासात आहे. आपल्याकडे लाटा शेपटाकडे उठतात. आधी ‘-बा’, ‘-जी’, ‘-राव’. मग रमेश, सुरेश, दिनेश, महेश, योगेश. मग अमित, रोहित, अजित. आणि आता शिवांश, रुद्रांश, विहान, रेयान. मुलींत आधी नुसती बाई, मग सुनीता, अनिता, संगीता, आणि आता अनन्या, शिवन्या, आराध्या, ईश्वरी, आरोही. पत्रिकेशी संबंध नसलेल्या मुस्लीम घरांतही अयान आणि अरहान त्याच ‘-आन’वर येऊन थांबतात. पोथ्या वेगळ्या असल्या तरी कान सगळ्यांचे एकाच काळातले आहेत.

याला सगळ्यांत जुना आक्षेप नटांचा आणि खेळाडूंचा. लोक सिनेमा बघून नावं ठेवतात म्हणे. समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली लिबरसन यांनी २०००च्या सुमारास अमेरिकी आणि युरोपी नावांवर एक अख्खं पुस्तक लिहून दाखवलं की प्रसिद्धी बहुतेकदा आधीच चढत असलेल्या नावावर स्वार होते. आपल्याला त्यासाठी अमेरिकेला जायला नको. तेंडुलकर १९८९ साली कसोटीत उतरला. पण अभिनेते सचिन खेडेकर १९६५चे, खुद्द तेंडुलकर १९७३चा, दिग्दर्शक सचिन कुंडलकर १९७६चे, राजस्थानचे सचिन पायलट १९७७चे. सचिन देव बर्मन यांच्या गाण्यांनी आणि साठच्या दशकातल्या ‘हा माझा मार्ग एकला’मधल्या बालनट सचिननं ते नाव कानावर पडतच होतं. तेंडुलकरानं ते अजरामर केलं, सुरू केलं नाही.

याच्या उलट उदाहरण मात्र बीडचंच आहे, आणि ते टाळून पुढे जाणं लबाडीचं होईल. बीडचा सचिन धस २००५चा. वडील तेंडुलकरांचे भक्त, म्हणून मुलाचं नाव सचिन, आणि पाठीवर आकडाही दहा. २०२४च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध चार गडी बत्तीस धावांत गेलेले असताना त्यानं ९६ धावा काढून सामना फिरवला. इथे नाव लाटेनं आलं नाही, बापाच्या श्रद्धेनं आलं. अशा श्रद्धा मोजता येत नाहीत, म्हणून अंदाज बांधणाऱ्यानं त्या सोडून द्याव्यात. एक बाप म्हणजे फॅशन नव्हे.

एका समाजाची श्रद्धा मात्र फॅशनपेक्षा मोठी असते. १४ ऑक्टोबर १९५६च्या धर्मांतरानंतर मराठवाड्यातल्या बौद्ध घरांत गौतम, राहुल, सिद्धार्थ, मिलिंद, सुजाता, संघमित्रा ही नावं आली ती ठरवून, कानाला बरी वाटली म्हणून नव्हे. औरंगाबादला बाबासाहेबांनी काढलेल्या कॉलेजाचं नावही मिलिंद. पुढे राहुल आणि सिद्धार्थ सगळ्या जातींत दिसतात. ते एकमेकांकडून घेतले की वेगवेगळ्या वाटांनी आले, यावर घरोघरी वेगळं उत्तर मिळेल, आणि त्या उत्तरात जातीचा वास येतो.

आता अंदाज. २००९ साली जोना बर्गर आणि गेल ल मॉन्स यांनी फ्रान्स आणि अमेरिकेची शंभरेक वर्षांची नावं तपासली. जी झपाट्यानं चढली ती झपाट्यानंच उतरली, कारण अशी नावं लोकांना उठवळ वाटू लागतात. माझ्या मते ‘-आंश’चं तेच होणार. बालवाडीत बाईंनी ‘शिवांश’ म्हटल्यावर तीन डोकी वळली की चौथी आई दुसरं नाव शोधते. त्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव अशी चार शब्दांची ओळ येते. एवढ्या लांबीत पहिला शब्द आटोपशीर असलेला बरा.

आटोपशीर नाव येणार कुठून? नवी नावं कुणी हवेतून काढत नाही. चालू शेपूट ज्यांना आधीच आहे अशी जुनी नावं कोठारातून बाहेर येतात. मुलींत ईश्वरी रुळली आहे, तर अंबाजोगाईच्या देवळातली योगेश्वरी तिच्या मागोमाग येईल. लांबी आड येईल, पण हाक मारायला ‘योगी’ आहेच. मुक्ताबाईची मुक्ता शहरांत केव्हाच रुजली, प्रयागबाईची नुसती प्रयाग इथे जिवंत होऊ शकते. मुलांत परळीचा वैजनाथ किंवा कपिलधारच्या मन्मथस्वामींचा मन्मथ परतेल असं वाटत नाही, शेवट जुळत नाही. भगवानचा शेवट जुळतो, पण भगवानगडामुळे ते नाव इथून कधी गेलंच नाही, आणि न गेलेलं नाव परत येत नसतं. उरतो सोपान. विहान-रेयानच्या पंगतीत बसेल असा आवाज, वारकऱ्यांचं कूळ, अक्षरं तीन, आणि नव्या पिढीत ते जवळजवळ मोकळं.

पण सोपान लगेच येणार नाही. आजही कितीतरी घरांत सून सासऱ्याचं नाव तोंडावर घेत नाही. ओसरीवर सोपानराव बसलेले असताना ती लेकराला ‘ए सोप्या, इकडे ये’ म्हणून कशी ओरडणार? त्यामुळे ज्या घरांत या नावाचा म्हातारा आहे तिथे ते शेवटी येईल, आणि जिथे कधी सोपान नव्हताच अशा पुण्याकडच्या एखाद्या फ्लॅटातून ते आधी सुरू होऊन मग बीडला पोचेल. मतदार यादीतले बरेचसे सोपान मला साठीच्या पुढचे दिसतात. तो रकाना ओसरायला वेळ लागेल, तेव्हा माझी पैज २०३५ नंतरच्या पहिलीच्या हजेरीपटावर.