सौरपंप बसला, पण पाणी वाचलं का?

‘सौरपंप म्हणजे पर्यावरणपूरक शेती.’ अर्धंच खरं. डिझेलचा धूर थांबतो, कोळशावरची वीज वाचते, आणि रात्रीच्या पाळीला साप-बिबट्याच्या भीतीत बारे द्यायला जावं लागत नाही. हे सुख शेतकऱ्यालाच विचारावं. पण पॅनेलने विहिरीत थेंबही वाढत नाही. डिझेल ओतताना हात आखडतो, उन्हाला कोण आखडता हात घेणार? महाराष्ट्रात 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीजही मोफत आहे. तरी ती ठरावीक तासच येते, तेवढाच काय तो लगाम. सौरपंपाला ऊन असेपर्यंत तोही नाही.

‘दिवसा जास्तीचं उपसलं तरी शेततळ्यात राहतंच की.’ प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यातून पाणी मुरत नाही, हे खरं. पण एप्रिल-मेच्या उन्हात त्याची वाफ होते. भूगर्भात झाकलेलं पाणी वर काढून उघड्यावर वाळत घालायचं, याला जलसंधारण म्हणणं मला तरी जड जातं.

‘ठिबक केलं की पाणी वाचतं.’ एकरी वाचतं, नक्कीच. शिवारात वाचेलच असं नाही. वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस किंवा केळी उभी राहिली, तर उपसा होता तेवढाच राहतो, कधी वाढतोही. शिवाय पाटपाण्यातलं जे ‘वाया’ जात होतं, त्यातलं काही मुरून शेजाऱ्याच्या विहिरीला येत होतं.

‘बोअर आणखी खोल घ्या, लागेल पाणी.’ राज्याचा सुमारे 80 टक्के भाग बेसाल्टचा. पाणी वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. खाली बहुधा कोरडा पाषाण.

मग लगाम कुठून आणायचा? गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावात शेतकऱ्यांनी 2016 मध्ये सौरवीज उत्पादकांची सहकारी संस्था काढली. उरलेली वीज ते वीज कंपनीला विकतात. त्यामुळे विनाकारण पंप चालवला, तर तेवढ्या युनिटचे पैसे बुडतात. अर्थात विजेला दर बरा मिळाला तरच हे गणित जमतं.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने दुसरा मार्ग धरला. तिथे शेतीसाठी बोअरवेलला बंदी आहे, ऊस-केळीलाही. पाऊस मोजून गाव पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि कोणती पिकं घ्यायची ते त्यावरून ठरतं.