आयर्लंडचे खेळाडू, इंग्लंडची कॅप

एका देशाकडून आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळलेला खेळाडू जेव्हा दुसऱ्या, त्यातही प्रतिस्पर्धी देशाच्या संघात दाखल होतो, तेव्हा त्याच्याविषयीची चर्चा बहुधा निष्ठा आणि कृतघ्नता यांच्यापाशीच अडून राहते. आयर्लंडच्या तीन खेळाडूंनी २००६ पासूनच्या दशकात इंग्लंडचा संघ स्वीकारला आणि त्यांपैकी दोघे पुन्हा आयर्लंडकडे परतले. त्यांचा इतिहास तपासला असता मात्र असे दिसते की या स्थलांतराचे कारण खेळाडूंच्या मनात जितके शोधावे, त्याहून अधिक ते आंतरराष्ट्रीय क्रिकेटच्या रचनेत शोधावे लागते.

ही रचना समजून घेण्यासाठी प्रथम हे ध्यानात घ्यावे लागते की क्रिकेटमधील ‘देश’ म्हणजे प्रत्यक्षात एक क्रिकेट मंडळ असते. आयर्लंडचा संघ हा आयर्लंड प्रजासत्ताक आणि ब्रिटनचा भाग असलेले उत्तर आयर्लंड या दोहोंचा मिळून एकच संघ आहे, तर वेस्ट इंडीज या नावाचे सार्वभौम राष्ट्र अस्तित्वातच नाही. खेळाडूची पात्रता जन्म, नागरिकत्व किंवा ठरावीक काळाचे वास्तव्य यांपैकी कोणत्याही आधारावर सिद्ध होऊ शकते, त्यामुळे एकाच व्यक्तीला दोन संघांचे दरवाजे उघडे असणे यात नियमबाह्य असे काही नाही. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने (आयसीसी) मंडळांचे दोन स्तर मानले आहेत: कसोटी सामने खेळण्याचा अधिकार असलेले ‘पूर्ण सदस्य’ आणि तो अधिकार नसलेले ‘सहयोगी सदस्य’. २०१७ च्या जूनपर्यंत पूर्ण सदस्य केवळ दहा होते आणि आयर्लंड त्यांत नव्हता.

या दोन स्तरांमधील वाहतुकीचे नियमही समान नव्हते, आणि सगळ्या प्रश्नाचे मर्म येथेच आहे. सहयोगी सदस्याकडून खेळलेला खेळाडू अन्य पात्रता असल्यास थेट पूर्ण सदस्याच्या संघात जाऊ शकत असे, त्याला थांबावे लागत नसे. परंतु पूर्ण सदस्याकडून एकदा खेळल्यानंतर मूळ संघात परतायचे तर त्याला चार वर्षे आंतरराष्ट्रीय क्रिकेटपासून दूर राहावे लागे. पुढे हा प्रतीक्षाकाळ बदलत गेला आणि आता तो सर्वसाधारणपणे तीन वर्षांचा आहे. वर जाण्यास मोकळीक आणि खाली येण्यास अडसर अशा या नियमाने लहान मंडळांना मोठ्या मंडळांची रोपवाटिका करून टाकले, आणि ते न्याय्य होते असे म्हणणे कठीण आहे.

आयर्लंडमधील खेळाडूंच्या दृष्टीने तर परिस्थिती आणखी अवघड होती, कारण तेथील आंतरप्रांतीय स्पर्धेला प्रथम श्रेणीचा, म्हणजे तीन किंवा अधिक दिवसांच्या अधिकृत सामन्यांचा दर्जा २०१७ पासून मिळाला. तोपर्यंत क्रिकेटवर उपजीविका करू इच्छिणाऱ्या आयरिश तरुणाला इंग्लंडमधील कौंटी क्रिकेटशिवाय फारसा मार्ग नव्हता आणि तेथे तो परदेशी नव्हे तर स्थानिक खेळाडू म्हणून गणला जाई. इंग्लंडच्या निवड समितीची नजर अशा खेळाडूकडे वळणे मग स्वाभाविकच होते.

डब्लिनमध्ये जन्मलेला डावखुरा फलंदाज एड जॉइस हा या वाटेवरचा पहिला महत्त्वाचा प्रवासी. २००५ च्या आयसीसी करंडकात त्याच्या फलंदाजीचा आयर्लंडला २००७ च्या विश्वचषकात प्रवेश मिळवून देण्यात मोठा वाटा होता, परंतु ज्या विश्वचषकाचे दार त्याने उघडले त्यात तो इंग्लंडच्या गणवेशात उतरला. त्यापूर्वी जून २००६ मध्ये बेलफास्टच्या स्टॉरमॉन्ट मैदानावर आयर्लंड आपला पहिला अधिकृत एकदिवसीय सामना खेळला, तेव्हा प्रतिस्पर्धी इंग्लंडकडून जॉइसने पदार्पण केले आणि त्याच सामन्यात त्याचा भाऊ डॉमिनिक आयर्लंडकडून प्रथमच खेळला. त्याच्या भगिनी इझोबेल आणि सिसिलिया यादेखील आयर्लंडच्या महिला संघाच्या खेळाडू होत्या. विश्वचषकात गयाना येथे हे दोन संघ पुन्हा समोरासमोर आले असता आयर्लंडचा उंचापुरा वेगवान गोलंदाज बॉइड रँकिन याने जॉइसचा त्रिफळा उडवला. त्या दिवशी आयर्लंडकडून खेळणारे रँकिन आणि इऑन मॉर्गन हे दोघेही पुढे इंग्लंडकडे गेले.

मॉर्गनने २००६ मध्ये स्कॉटलंडविरुद्धच्या पहिल्याच एकदिवसीय सामन्यात ९९ धावांवर धावबाद होऊन आपली ओळख करून दिली होती. इंग्लंडकडून कसोटी खेळण्याचे आपले ध्येय त्याने कधी लपवले नाही. एप्रिल २००९ मध्ये तो विश्वचषक पात्रता स्पर्धेत आयर्लंडकडून खेळला आणि लगेच मे महिन्यात ब्रिस्टल येथे वेस्ट इंडीजविरुद्ध इंग्लंडकडून उतरला. वर जाणाऱ्यासाठी नियम किती सैल होता, याचा याहून स्पष्ट पुरावा नाही. त्याच्या वाट्याला १६ कसोटी सामने आले, मात्र त्याची खरी कामगिरी एकदिवसीय कर्णधार म्हणून झाली आणि १४ जुलै २०१९ रोजी लॉर्ड्सवर इंग्लंडने पहिला एकदिवसीय विश्वचषक जिंकला तो त्याच्या नेतृत्वाखाली. त्या संघातील बेन स्टोक्सचा जन्म न्यूझीलंडमधील, तर जोफ्रा आर्चरचा बार्बाडोसमधील होता, हेही येथे नोंदवावयास हवे.

रँकिनच्या कारकिर्दीत मात्र या व्यवस्थेची किंमत दिसते. सप्टेंबर २०१३ मध्ये मॅलाहाइड येथे इंग्लंडने आयर्लंडला हरवले, त्या सामन्यात रँकिनने चार गडी बाद केले आणि मॉर्गनने नाबाद १२४ धावा काढल्या, म्हणजे यजमानांचा पराभव यजमानांच्याच मातीत घडलेल्या दोघांनी केला. जानेवारी २०१४ मध्ये सिडनीला ॲशेस मालिकेत रँकिनला कसोटी खेळायला मिळाली, ती इंग्लंडकडून त्याची एकमेव कसोटी ठरली आणि २०१६ च्या आरंभी तो आयर्लंडकडे परतला. जॉइस त्याआधीच परतला होता. २०११ च्या विश्वचषकात खेळता यावे म्हणून परिषदेने त्याला प्रतीक्षाकाळातून विशेष सूट दिली होती, आणि बंगळुरूला केव्हिन ओब्रायनने ५० चेंडूंत शतक ठोकून इंग्लंडला पराभूत केले, तेव्हा जॉइस व रँकिन दोघेही आयर्लंडच्या संघात होते.

भारतीय उपखंडाला हा विषय अपरिचित नाही, परंतु तेथील उदाहरणांचे स्वरूप वेगळे आहे. इफ्तिखार अली खान पतौडी इंग्लंडकडून कसोटी खेळून १९४६ मध्ये भारताचे कर्णधार झाले, ते साम्राज्याच्या काळात; तर अब्दुल हफीझ कारदार, अमीर इलाही आणि गुल मोहम्मद हे भारताकडून खेळून पुढे पाकिस्तानकडून खेळले, कारण फाळणीने देशच विभागला गेला होता. मुंबईकडून रणजी सामना खेळलेला आणि २०१० चा १९ वर्षांखालील विश्वचषक भारताकडून खेळलेला सौरभ नेत्रावळकर २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात अमेरिकेकडून खेळला व त्याने विराट कोहली आणि रोहित शर्मा यांना बाद केले. तो शिक्षणासाठी अमेरिकेत गेला होता आणि भारताच्या वरिष्ठ संघात कधी आलाच नव्हता, त्यामुळे त्याला ‘संघ सोडलेला’ म्हणणे अन्यायाचे होईल.

जून २०१७ मध्ये अफगाणिस्तानसह आयर्लंडला पूर्ण सदस्यत्व मिळाले आणि इंग्लंडकडे थेट जाण्याची सवलत त्याबरोबरच संपली. मे २०१८ मध्ये मॅलाहाइडला पाकिस्तानविरुद्ध झालेल्या आयर्लंडच्या पहिल्या कसोटीत जॉइस होता आणि आयर्लंडचा कसोटीतील पहिला बळी रँकिनने घेतला. परंतु या दर्जाची दुसरी बाजू लवकरच पुढे आली. आयरिश आजी-आजोबांच्या नात्याने आयर्लंडकडून खेळणारा लंडनमध्ये जन्मलेला टिम मुर्ताघ याने जुलै २०१९ मध्ये लॉर्ड्सवर १३ धावांत ५ गडी बाद करून इंग्लंडला ८५ धावांत गुंडाळले, पण आयर्लंडचा खेळाडू यापुढे कौंटीत परदेशी गणला जाणार असल्यामुळे त्याच वर्षाच्या अखेरीस त्याने आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडून मिडलसेक्स ही आपली कौंटी निवडली. आणि लॉर्ड्सच्या त्या सामन्यानंतर आयर्लंडला पुढची कसोटी खेळायला मिळाली ती थेट एप्रिल २०२३ मध्ये, बांगलादेशात.