नववीचे वार्षिक नियोजन : दोन पुस्तके, एकच वर्ष
(लेखांक ४)

आठवीतून आलेल्या मुलांची पूर्वज्ञान चाचणी कशी घ्यायची, हे गेल्या आठवड्यात पाहिले. आता तक्त्याकडे वळू. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या रचनेत नववी हे माध्यमिक टप्प्याचे पहिले वर्ष. बालभारतीच्या सध्याच्या पुस्तकांत बीजगणिताची ७ आणि भूमितीची ९ अशी १६ प्रकरणे आहेत. अनुक्रमणिका समोर ठेवून ती महिन्यांत वाटली की नियोजन झाले, अशी पद्धत बऱ्याच शाळांत रूढ आहे. माझा आग्रह वेगळा आहे. कोणते प्रकरण कोणाच्या खांद्यावर उभे आहे हे आधी शोधावे आणि तारखा त्यानंतर घालाव्यात.

आधी तासिकांचा हिशेब. आठवड्याला ७ तासिका आणि ३६ आठवडे धरले तर २५२ होतात. त्यातला चौथा हिस्सा सत्र परीक्षा, घटक चाचण्या, स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणांत जातो असे पहिल्याच दिवशी मानून चालावे. उरतात १८९. त्यांना १६ ने भागून प्रत्येक प्रकरणाला बारा-बारा तासिका देणे मात्र चुकीचे. ‘संच’ आठ तासिकांत नीट होतो. ‘त्रिकोण’ वीस मागतो, आणि ते त्याला द्यावेत.

जूनचे पहिले दोन आठवडे पुस्तक उघडू नये, असे मी म्हणेन. ऋण संख्या, अपूर्णांकांची बेरीज आणि अक्षरांचा अर्थ, एवढेच करावे. यातला अक्षरांचा भाग सर्वांत महत्त्वाचा. डिटमार कुचेमान या अभ्यासकाने १९७०च्या दशकात इंग्लंडमधल्या मुलांच्या उत्तरपत्रिका तपासून दाखवले, की अनेक मुले अक्षराला संख्या न मानता वस्तू मानतात. आपल्याही वर्गात ‘३ए + ५बी म्हणजे तीन आंबे आणि पाच केळी’ असे सर्रास सांगितले जाते. बेरजेपुरते ते खपते. पण ए आणि बी यांचा गुणाकार आला की आंब्याला केळ्याने गुणायचे कसे? आणि वस्तूच गोळा करायच्या तर २ए + ५बी यांचे ७एबी झाले म्हणून मुलाला दोष कसा द्यायचा? ‘ए म्हणजे एका आंब्याची रुपयांतली किंमत’ असे पहिल्या दिवसापासून म्हटले तर ‘बहुपदी’ला मूल अडखळत नाही. या दोन आठवड्यांची भरपाई ऑगस्टमध्येच दिसू लागते.

आता जोड्या. बीजगणित सोम-मंगळ, भूमिती बुध-गुरू असे वेळापत्रक असले की दोन्ही पुस्तके एकमेकांना न विचारता पुढे सरकतात. ‘वास्तव संख्या’ मधल्या करणी जुलैत शिकवून होतात. ३०-६०-९० मापाच्या त्रिकोणाच्या प्रमेयात वर्गमूळ ३ येते, तेही फार दूर नसते. पण ‘त्रिकोणमिती’ हे भूमितीचे आठवे प्रकरण, म्हणजे जानेवारी. तोवर छेदाचे परिमेयीकरण मुले विसरलेली असतात. म्हणून डिसेंबरच्या शेवटी करणींच्या उजळणीला दोन तासिका टाचणात आधीच लिहून ठेवाव्यात. ऐनवेळी त्या मिळत नाहीत.

दुसरी जोडी ‘गुणोत्तर व प्रमाण’ आणि समरूप त्रिकोणांची. एक बीजगणितात चौथे प्रकरण, दुसरा भूमितीच्या तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी. दोन्ही सप्टेंबरच्या त्याच पंधरवड्यात आणली तर प्रमाणाची उदाहरणे त्रिकोणाच्या बाजूंवरच सोडवता येतात. पुढची साइन, कोसाइनची गुणोत्तरेही याच पायावर उभी राहतात.

तिसरी जोडी मला सर्वांत मोलाची वाटते: ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ आणि ‘निर्देशक भूमिती’. समीकरणे सोडवण्याच्या लोप पद्धतीत मूल आकडेमोड करते आणि एक्स, वायच्या किमती मिळवते, पण त्या किमती कुठे राहतात हे त्याला दिसत नाही. निर्देशक भूमिती सातव्या क्रमांकावरून पुढे ओढून समीकरणांना लागून घेतली, तर आलेखावरच्या दोन रेषा ज्या बिंदूत छेदतात तेच उत्तर, हे त्याच आठवड्यात कळते. दहावीच्या बीजगणिताचे पहिले प्रकरण याच आलेखांकडे परत येते.

भूमितीच्या सिद्धतांची घाई करू नये. पिएर आणि दिना व्हान हीले या डच शिक्षक दांपत्याने १९५७ मध्ये भौमितिक विचाराच्या पायऱ्या मांडल्या. आकृती आधी नुसती दिसण्यावरून ओळखली जाते, मग गुणधर्मांवरून, मग गुणधर्मांचे परस्परसंबंध कळतात, आणि सिद्धता त्यानंतर येते. तिरका काढलेला चौरस ‘हा चौरस नाही’ म्हणणारे मूल पहिल्या पायरीवर आहे. त्याच्यापुढे पक्ष, साध्य, सिद्धता असे रकाने मांडले तर ते पाठ करेल, दुसरे काय करणार? ‘समांतर रेषा’ सुरू करण्यापूर्वी एक आठवडा कागदाच्या घड्या, मोजमाप आणि ‘प्रत्येक चौरस आयत असतो का’ यांसारख्या प्रश्नांवर भांडण होऊ द्यावे. वर्गातल्या त्या वादातच ‘कशावरून?’ हा प्रश्न मुलांकडून येतो, आणि सिद्धतेची गरज तिथे पहिल्यांदा जाणवते.

‘सांख्यिकी’ कुठेही बसते. दिवाळीनंतर वर्ग विस्कळीत असतो, तेव्हा मुलांकडूनच माहिती गोळा करून ते घ्यावे. ‘अर्थनियोजन’ मात्र फेब्रुवारीपर्यंत राखून ठेवावे. केंद्रीय अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला मांडला जातो आणि आयकराचे टप्पे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात असतात. पुस्तकातले तक्ते छपाईच्या काळातले आहेत. रीत त्यांवरून शिकवावी, आणि उदाहरणे ताज्या टप्प्यांवर मुलांनाच तयार करायला लावावीत. घरी कुणाला किती कर बसतो हे विचारू नये. उत्पन्नाचे आकडे काल्पनिकच ठेवावेत.

पुढच्या लेखात ‘वास्तव संख्या’चे घटक नियोजन तासिकेनिशी पाहू.