ज्वारी, सातू आणि बिअरचा कारखाना

बुलढाणा जिल्ह्याच्या घाटाखालील तालुक्यांत, खामगाव-शेगावच्या काळ्याभोर जमिनीत, जेथे पूर्वी खरिपाची ज्वारी माणसाला भाकर आणि बैलाला कडबा पुरवीत असे, तेथे आज सोयाबीन व कापसाचा अंमल आहे. आणि छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत, बिअरनिर्मितीचे जे मोठे केंद्र उभे आहे, त्याचे मुख्य धान्य उत्तरेत पिकणारा सातू होय. शेजारच्या ज्वारीला तेथे मानाचे स्थान का नाही, याचे कारण दाण्याच्या पोटातच आहे.

सातूला मोड आणला म्हणजे त्यातील विकरे जागृत होऊन पिष्टाची शर्करा करण्यास सज्ज होतात, आणि पुढे त्या शर्करेपासून यीस्ट मद्यार्क निर्माण करते. सातूचे पिष्ट 60 अंश सेल्सियसच्या आसपास फुगून मऊ पडते व तेवढी उष्णता विकरांना सोसते. ज्वारीचे पिष्ट मात्र 70 अंशांच्या सुमारास वश होते, आणि तोवर तिच्यातील मुळातच तुटपुंजे बीटा-अमायलेज हे विकर निकामी झालेले असते. सातूच्या टरफलांचा थर रस गाळण्याच्या कामी येतो, ज्वारीला तेही टरफल नाही. शिवाय कोवळ्या ज्वारीवर गुरे सोडू नयेत असे आपला शेतकरी ज्या विषामुळे बजावतो, ते सायनाइड देणारे धुरिन तिच्या मोडांतही असते, म्हणून वाळवल्यानंतर मोड व मुळे काळजीपूर्वक झाडून टाकावी लागतात.

तरीही ज्वारीपासून बिअर करणे असाध्य नाही. नायजेरियाने 1988 साली सातूच्या माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या दाण्यांची, आयात बंद केली, तेव्हा तेथील कारखानदारांनी बाहेरून विकरे घालून ज्वारीचीच बिअर काढली.

आपली खरी अडचण निराळी आहे. ऐन काढणीत पाऊस आला की कणसावर बुरशी चढून ज्वारी काळी पडते, तिची उगवणशक्ती खालावते, आणि जो दाणा धड उगवत नाही त्याचा माल्ट होत नाही. असे धान्य फार तर ऊर्ध्वपातनाच्या भट्टीत जाते, आणि 2007 साली महाराष्ट्र शासनाने धान्यापासून मद्यार्क करणाऱ्या कारखान्यांना अनुदान देऊ केले, त्यावरून मोठा वादंग माजला. त्यात पाण्याचा प्रश्न आहेच: 2016 च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपातीचा हुकूम दिला होता. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने बुरशीला दाद न देणाऱ्या वाणांवर भर द्यावा, आणि सरकारने स्वच्छ ज्वारीची हमीभावाने वेळेवर खरेदी करावी. बिअरचा विचार त्यानंतर.