एकट्याची सायकल, डोंगराचा रस्ता आणि थकव्याचा हिशोब



उन्हाळा जवळ आला की मंडळाच्या पिकनिकमध्ये कोणीतरी हमखास विचारतं, "तुम्ही सायकलवरून डोंगरात एकटेच जाता ना? दमत नाही का हो?" दमतो की! आम्ही (म्हणजे एकटेच, पण सारखं 'मी मी' बरं दिसत नाही) डोंगर चढतो तेव्हा चांगलेच दमतो, आणि न दमता चढणारा माणूस आम्हाला अजून भेटायचा आहे. खरा प्रश्न असा आहे की आपण किती दमलोय हे एकट्याला कळतं कसं? चारजण बरोबर असले की शेजारचा म्हणतो, "अरे, तुझा चेहरा उतरलाय, थांब जरा." एकट्याला हे सांगणारं कोणी नसतं. शिवाय ज्या डोक्याने थकवा मोजायचा, तेच डोकं थकलेलं असतं. सर्व्हर बंद पडल्याची सूचना त्याच सर्व्हरने पाठवायची, असला हा प्रकार! म्हणून जे काही ठरवायचं ते ताजेतवाने असताना ठरवून ठेवायचं, असा आमचा सगळा खटाटोप असतो.

उदाहरणासाठी ब्लू रिज पार्कवे घेऊ. ऑक्टोबरात पानांचे रंग बघायला आपण गाड्या काढून जातो, तोच. व्हर्जिनियातल्या रॉकफिश गॅपपासून नॉर्थ कॅरोलायनातल्या चेरोकीपर्यंत ४६९ मैल. ट्रकना बंदी आणि बहुतेक ठिकाणी वेगमर्यादा ताशी ४५ मैल, त्यामुळे सायकलवाल्यांचा लाडका. गाडीत बसून तो सपाट वाटतो, पण सगळे चढ एकावर एक रचले तर एव्हरेस्टच्याही वर जातात. सर्वांत उंच जागा रिचलँड बाल्सम, ६,०५३ फूट, म्हणजे सुमारे १,८४५ मीटर. आपल्या कळसूबाईपेक्षा जेमतेम दोनशे मीटर जास्त! तेव्हा इथे विरळ हवेची सबब सांगता येत नाही. इथला थकवा हा चढ, पोट, पाणी आणि झोप ह्यांचाच.

आता थोडं गणित, इंजिनिअर मंडळींना आवडेल. जेम्स नदीच्या पुलापाशी रस्ता ६४९ फुटांवर असतो. तिथून सुमारे तेरा मैलांवर ॲपल ऑर्चर्ड माउंटनपाशी तो ३,९५० फुटांवर पोचतो. म्हणजे साधारण हजार मीटरचा चढ, सरासरी पाच टक्के. माणूस, सायकल आणि सामान मिळून ११० किलो धरा. एवढं वजन हजार मीटर उचलायला जी ऊर्जा लागते ती २६० कॅलरीच्या आसपास (ह्या आहारातल्या कॅलरी). पण शरीराचं यंत्र २०-२५ टक्केच कार्यक्षम. म्हणजे खर्च १,०५० ते १,३०० कॅलरी, आणि हा फक्त उंचीचा. आपल्या स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, असते ४०० ते ५०० ग्रॅम. तिच्या होतात १,६०० ते २,००० कॅलरी. एका चढात बँक निम्म्याहून जास्त रिकामी होऊ शकते, आणि दिवस तर अजून बाकी असतो.

ही बँक वाचवायचा उपाय म्हणजे हळू जाणं. ऐकायला बावळटपणाचं वाटेल, पण कारण पक्कं आहे. शरीर दमाने काम करत असेल तर चरबी जास्त आणि साखर कमी जाळतं. जोर वाढवला की साखरेचा वाटा वाढतो. चरबी तर आपल्या प्रत्येकाकडे (दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांकडे जरा जास्तच) भरपूर शिल्लक असते. वरच्या चढावर ताशी सहा किलोमीटरने गेलं तर पायांना सुमारे १०० वॅट द्यावे लागतात. दहाने जायचं म्हटलं तर १७०. शंभर वॅट सामान्य तब्येतीचा, थोडा सराव असलेला माणूस तासन्‌तास देऊ शकतो. १७० देऊन सलग दोन तास चढणं बहुतेकांना झेपत नाही, आणि झेपलं तरी दुसऱ्या दिवशी वसुली होते.

त्यासाठी सायकलला तसा गिअर हवा. पुढची लहान चकती २२ दात्यांची आणि मागची मोठी ३४ ची असेल तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सव्वा मीटरहून थोडी जास्त सरकते. मिनिटाला सत्तर फेरे मारले की साधारण सहाचा वेग येतो. दुकानात नवी रोड बाइक घेताना असा गिअर सहसा मिळत नाही, मागून घ्यावा लागतो. महागड्या हलक्या फ्रेमपेक्षा हे पैसे जास्त सत्कारणी लागतात असं आमचं स्पष्ट मत आहे. गिअर जड असला की गुडघे बोलू लागतात, आणि गुडघेदुखी हा रात्रभर झोपून जाणारा थकवा नव्हे.

आता पोटाबद्दल. सहा किलोमीटरच्या वेगाने तो चढ साडेतीन तास चालतो. ह्या काळात दर तासाला साठेक ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. दोन मध्यम केळी आणि चिक्कीचा एक तुकडा एवढ्यात हे जमतं. इथे मिळणाऱ्या चकचकीत एनर्जी बारशी आमचं भांडण नाही, पण शेंगदाण्याची चिक्की, खजूर, गूळपोळी आणि दशमी हेही तेच काम करतात आणि पाचव्या दिवशीसुद्धा खावेसे वाटतात. हे शेवटचं महत्त्वाचं. फार दमल्यावर भूक मरते, गोडाचा तिटकारा येतो. तेव्हा तिखटमिठाचं काही जवळ हवंच. भडंगाची पुडी आणि लिंबाचं लोणचं आम्ही कधी सोडत नाही. भूक लागेपर्यंत थांबायचं नाही, घड्याळ बघून खायचं. साखर संपली की पाय एकदम शिसं भरल्यासारखे होतात, चिडचिड होते, उगाच रडू येतं. इथले सायकलवाले ह्याला 'बाँक' म्हणतात. गोड खाऊन वीस-तीस मिनिटं बसलं की माणूस बराच ताळ्यावर येतो. म्हणूनच डोंगरात मन फार खचलं तर आधी शेवटचं कधी खाल्लं ते आठवायचं. आमची आई पुण्याहून फोनवर पहिला प्रश्न "जेवलास का रे?" हाच विचारते. डॉक्टरनेही हाच विचारला असता.

पार्कवेवर मात्र कोपऱ्याकोपऱ्यावर दुकान नाही. डोंगराच्या माथ्यावरून जाणारा रस्ता तो, गावं खाली दरीत. दूध-ब्रेडसाठी खाली उतरलात तर तेवढंच परत चढायचं. त्यामुळे दीड दिवसाचं खाणं कायम बरोबर ठेवावं, वजन वाढलं तरी चालेल. संध्याकाळी छोट्या स्टोव्हवर मुगाच्या डाळीची खिचडी आणि वर तूप. (कॅंपग्राउंडवर अस्वलांसाठी खाणं तंबूत न ठेवण्याचा नियम आहे, तो लोणच्यालाही लागू आहे!)

पाण्याचं थोडक्यात. तहान लागेल तसं प्यावं, पण घाम गाळत तासन्‌तास नुसतं पाणी ढोसत राहू नये. रक्तातलं सोडियम पातळ होतं. मळमळ, डोकेदुखी, बोटं सुजणं, गोंधळणं ही लक्षणं दिसली की माणसाला वाटतं पाणी कमी पडलं, आणि तो आणखी पितो. दोन बाटल्यांपैकी एकीत मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत ठेवलं की बरंचसं काम होतं.

डोक्याच्या थकव्याबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण पायांच्या थकव्याने माणूस फार तर थांबतो, डोक्याच्या थकव्याने पडतो. आणि पडतो तो चढावर नाही, उतारावर. तीन-चार तास चढून माथ्यावर आलं की आनंदाच्या भरात लगेच उतरायला सुरुवात होते. अंगातला शर्ट घामाने ओला, समोरून ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरचा वारा, आणि पेडल मारायचे नसल्याने शरीरात उष्णता तयार होणं जवळजवळ बंद. ब्लू रिजच्या माथ्यावर धुकं आणि पाऊस कधीही येतो. वीस मिनिटांत बोटं बधिर होतात, ब्रेक दाबणं जड जातं, वळण येतंय हे दिसून हात हलेपर्यंत उशीर होतो. म्हणून माथ्यावर दहा मिनिटं थांबायचं, कोरडा शर्ट आणि वाऱ्याचं जॅकेट गार वाटायच्या आधीच घालायचं, काहीतरी खायचं आणि मग निघायचं.

तिथेच आम्ही स्वतःची एक परीक्षा घेतो. सतराचा पाढा मोठ्याने म्हणायचा. एरवी घडाघडा येणारा पाढा मध्येच अडला, किंवा जॅकेटची चेन बोटांना लावता येईना, की उतरणं रद्द. तिथेच आडोशाला अंग गरम करायचं, खायचं, आणि झोप येत असेल तर वीस मिनिटं आडवं व्हायचं. (झोपण्यापूर्वी कॉफी घेतली तर तिचा असर व्हायला साधारण अर्धा तास लागतो, म्हणजे उठेपर्यंत ती कामाला लागते.) मग पुन्हा पाढा. ही काही शास्त्रीय चाचणी नाही. पण "मी ठीक आहे ना?" असं विचारलं तर थकलेलं डोकं नेहमी "हो" म्हणतं, पाढ्याला तसं खोटं बोलता येत नाही. काळोख पडू लागल्यावर तर पाढा आला तरी उतरू नये. डोळे लागणं हे सायकलवरही होतं, दोन-तीन सेकंदांसाठी, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

दुसरा भाग घरच्या माणसांचा. आम्ही निघण्यापूर्वी सौ.ना पूर्ण अधिकार देऊन ठेवतो. रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी निरोप द्यायचा, आणि रेंज असेल तिथून बोलायचं. पार्कवेवर बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, म्हणून 'निरोप अमुक तासांत आला नाही तर मदतीसाठी फोन करायचा' हेही आधीच ठरलेलं. बोलताना आवाज जड आला, तेच वाक्य दोनदा आलं, की "तू उद्या पुढे जाऊ नकोस" हा हुकूम येतो आणि तो पाळायचा, वाद घालायचा नाही. वाद घालावासा वाटला तर हुकूम बरोबर आहे असं समजावं!

ह्याच्या उलट बाजूचा नियमही आहे. आजच्या पुरतं थांबायचा निर्णय कधीही घ्यावा, पण सगळा प्रवास सोडून परत फिरायचा निर्णय चढावर, उपाशी पोटी किंवा रात्री तंबूत घेऊ नये. विशेषतः दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. सवय नसलेल्या कष्टानंतर स्नायूंचं दुखणं २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त असतं, हे आधीच माहीत असलं की तिसऱ्या दिवसाची फार भीती वाटत नाही. तो दिवस छोटा ठेवावा. पुढे चार-पाच दिवसांनी एक पूर्ण सुट्टी. दुखणाऱ्या जागा दुखतात, पण चालायला लागल्यावर मोकळ्या होतात, ते साधं. एकाच सांध्यात टोचणारी, वाढत जाणारी कळ आली, सकाळी उठल्यावर विश्रांतीतही छाती धडधडत राहिली, किंवा छातीत दुखलं, तर मात्र तिथेच थांबून डॉक्टर गाठायचा.

आपल्यापैकी काहीजण सुट्टीत भारतात गेल्यावर मनाली ते लेह करायचं म्हणतात. तिथे वरचं सगळं लागू आहेच, पण एक हिशोब नवा. मनाली दोन हजार मीटरच्या आसपास आणि टांगलांग ला पाच हजार तीनशेच्या वर. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा सर्वसाधारण नियम आहे. तिथे थकव्याबरोबर डोकेदुखी आणि मळमळ आली तर तो साधा थकवा समजायचा नाही. वर चढणं बंद, आणि बरं वाटेना तर खाली उतरायचं. चालताना तोल जात असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल तर रात्र उजाडायची वाट न पाहता, कोणाच्या तरी गाडीतून, लगेच.

पार्कवेवर उत्तरेकडून येणाऱ्यांना मोठ्या सुट्टीसाठी ॲशव्हिल हे गाव सोयीचं. तिथे रस्ता फ्रेंच ब्रॉड नदीपर्यंत खाली येतो, आणि लगेच पुढे पिसगा डोंगराचा पंधरा मैलांत सुमारे तीन हजार फुटांचा चढ लागतो. तो ताज्या पायांनीच सुरू करावा. सप्टेंबर २०२४ च्या हेलेन चक्रीवादळाने नॉर्थ कॅरोलायनातला रस्ता बऱ्याच ठिकाणी खचला, दरडी आणि झाडं पडली. दुरुस्ती टप्प्याटप्प्याने होत आली आहे. तेव्हा निघायच्या आठवड्यात नॅशनल पार्क सर्व्हिसचा बंद रस्त्यांचा तक्ता जरूर पाहावा. बंद भागात सायकललाही मनाई असू शकते, आणि वळसा घेऊन दरीत उतरावं लागलं तर त्या दिवसाचा चढ नव्याने मोजावा. वाटेत २६ बोगदे आहेत, त्यातले २५ नॉर्थ कॅरोलायनात. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा लावूनच आत शिरावं, भर दुपारीसुद्धा.