अर्क आधी की विष आधी?

शेवग्याच्या पानांच्या अर्काने उंदरांचे यकृत वाचवले, भुईआवळ्याने वाचवले, कुटकीने वाचवले. अशा बातम्या अधूनमधून येतच असतात आणि त्यामागचे प्रयोग बहुतेक वेळा खरेच झालेले असतात. औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांत एम.फार्म.चे कितीतरी विद्यार्थी प्रबंधासाठी हाच विषय घेतात. पण अशा प्रयोगातून नेमके काय सिद्ध होते, हे बातमीत क्वचितच सांगितलेले असते.

यकृताला इजा करायला या प्रयोगांत सर्रास वापरतात ते पॅरासिटामॉल, आपली तापावरची गोळी. ठरलेल्या मात्रेत तिचा बहुतांश भाग यकृत निरुपद्रवी करते आणि तो लघवीवाटे निघून जातो. पाच ते दहा टक्के भागावर मात्र सीवायपी-२ई१ या विकराची क्रिया होते आणि त्यातून ‘एनएपीक्यूआय’ नावाचा विषारी पदार्थ तयार होतो. पेशीतले ग्लुटाथिऑन त्याला लगेच बांधून टाकते. मात्रा फार वाढली की ग्लुटाथिऑनचा साठा आटतो आणि मोकळे राहिलेले विष मायटोकाँड्रियातल्या प्रथिनांना चिकटते. ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू आवरेनासे होतात. हाच तो ऑक्सिडेटिव्ह ताण. १९७३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील मिचेल, जोलो, ब्रॉडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातली ग्लुटाथिऑनची भूमिका उंदरांवर उलगडून दाखवली. ग्लुटाथिऑनचा साठा पुन्हा भरून काढणारे एन-ॲसिटिलसिस्टीन हे आजचे उतारा-औषध त्याच समजुतीवर उभे आहे.

आता प्रयोगशाळेत डोकावू. सुकवलेल्या पानांची भरड सॉक्सलेटच्या काचपात्रात ठेवतात. खाली अल्कोहोल उकळत असते, त्याची वाफ थंड होऊन भरडीवर ठिबकते, आणि पात्र भरले की हिरवा द्रव एका दमात खाली उतरतो. असे तासन्‌तास चालल्यावर अल्कोहोल उडवून टाकतात आणि काळपट, चिकट अर्क उरतो. तो आठवडाभर उंदरांना नळीने पाजतात, मग पॅरासिटामॉलची जबर मात्रा देतात. दुसऱ्या दिवशी यकृताची इजा दाखवणारे रक्तातले एसजीपीटी, एसजीओटी हे विकर मोजतात. यकृताचा लगदा थायोबार्बिट्युरिक आम्लाबरोबर उकळत्या पाण्यात ठेवला की परीक्षानळी गुलाबी होते. रंग जितका गडद, तितकी पेशीपटलातल्या मेदाची नासाडी जास्त. सूक्ष्मदर्शकाखाली मेलेल्या पेशी मध्यवर्ती शिरेभोवतीच दिसतात, कारण विष बनवणारा सीवायपी-२ई१ तिथेच भरपूर असतो. अर्क घेतलेल्या उंदरांची नळी फिकी असते. निष्कर्ष लिहिला जातो: अर्क यकृतरक्षक आहे.

इथेच थांबून विचारले पाहिजे, की विष मुळात तयार झाले होते का? वनस्पतींतली अनेक द्रव्ये यकृतातल्या विकरांना रोखतात. सीवायपी-२ई१ रोखला गेला तर विष बनतच नाही आणि नळी आपोआप फिकी राहते. चोर घरात शिरलाच नाही, तर कुलूप किती भक्कम होते हे कसे कळणार? पाण्यात न विरघळणारा अर्क काही जण डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये विरघळवतात. हा द्रावकही त्याच विकराला अडवतो, म्हणजे श्रेय अर्काला आणि काम द्रावकाचे. शिवाय माणूस आधी आठवडाभर काढा पिऊन मग गोळ्यांचा अतिरेक करत नाही. औषधाची खरी कसोटी विष दिल्यानंतर लागते, आणि असे प्रयोग फार थोडे होतात.

मात्रेचा हिशेबही करून पाहावा. मोठ्या जातीच्या उंदराला, म्हणजे रॅटला, किलोमागे ४०० मिलिग्रॅम अर्क दिला असेल, तर रूढ सूत्राने ६० किलोच्या माणसाला रोज सुमारे ३.९ ग्रॅम अर्क लागेल. दहा ग्रॅम पानांतून एक ग्रॅम अर्क निघतो असे धरले, तरी रोजची ३९ ग्रॅम सुकी पाने झाली. त्यातच रॅटचे यकृत पॅरासिटामॉलला चिवट असते. माणसाशी जास्त जुळते ते लहान माऊसचे. तरीही कितीतरी प्रयोग रॅटवरच उरकले जातात.

गुळवेलीचेही उंदरांच्या यकृतावरचे असे अनुकूल निष्कर्ष आहेत. तरी २०२०च्या उत्तरार्धात, करोनाच्या काळात, मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृताला सूज आल्याचे नोंदवले. ती वनस्पती नक्की गुळवेलच होती का, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. वाद बाजूला ठेवला तरी एक उरतेच: उंदराचे यकृत वाचले म्हणून माणसाचे सुरक्षित राहील, असे गृहीत धरता येत नाही.

मला हे प्रयोग बंद व्हायला नको आहेत. आपल्या रानातल्या वनस्पतींत औषधे आहेत, ती शोधायलाच हवीत. पण नवा प्रश्न न विचारता तोच आराखडा नव्या पानावर चालवणे आणि त्यासाठी मुके जीव मारणे मला अन्याय्य वाटते. रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी १९५९ मध्येच प्राण्यांची संख्या कमी करा, त्यांच्या वेदना कमी करा, पर्याय शोधा, असे सांगून ठेवले आहे. मार्गदर्शकांनी विद्यार्थ्याला निदान तीन गोष्टी करायला लावाव्यात: अर्क विषानंतर देणे, विकर रोखला जातो का हे तपासणे आणि नुसत्या द्रावकाचा वेगळा गट ठेवणे.

वाचकांना एकच विनंती. घरात कोणी पॅरासिटामॉलच्या जास्त गोळ्या घेतल्या, तर पहिल्या दिवशी फारसा त्रास दिसत नाही. त्यावर विसंबू नका, काढा देत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. एन-ॲसिटिलसिस्टीन पहिल्या आठ तासांत मिळाले, तर यकृत जवळजवळ नक्की वाचते.