‘सहमत आहे’ दाबण्याआधी: ॲपवरच्या प्रायव्हसी लेबलने नेमकं काय बदललं?

नमाजच्या वेळा, किब्ल्याची दिशा, कुरआनचे पठण, रमजानमध्ये सहेरी-इफ्तारचे टाइमटेबल. एकेकाळी हे सगळे मशिदीच्या फलकावर किंवा घरातल्या कॅलेंडरवर पाहायचो. आता ते काम मोबाइल करतो. अब्बांच्या फोनपासून कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या फोनपर्यंत असे एखादे ॲप असतेच. ते सुरू करताना लोकेशनची परवानगी मागते आणि आपण ती देतो. यात गैर काही नाही. मुंबई आणि नागपूर यांच्या जोहरच्या वेळेत वीस-पंचवीस मिनिटांचा फरक पडतो, म्हणून आपण कुठे आहोत हे ॲपला कळावे लागते.

प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ती माहिती ॲपपाशीच थांबते का? आणि थांबत नसेल, तर ॲप स्टोअरवर ‘आम्ही कोणती माहिती घेतो’ असे लिहून ठेवल्याने काही फरक पडतो का?

२०२० मध्ये काय घडलं?

नोव्हेंबर २०२० मध्ये ‘मदरबोर्ड’ या अमेरिकी प्रकाशनाने एक बातमी दिली आणि जगभरातल्या मुस्लिमांमध्ये खळबळ उडाली. ‘मुस्लिम प्रो’ हे जगातले सर्वात लोकप्रिय नमाज ॲपपैकी एक. तेव्हा त्याचे डाउनलोड ९ कोटी ८० लाखांच्या आसपास होते. या ॲपमधून लोकांच्या लोकेशनची माहिती ‘एक्स-मोड’ नावाच्या कंपनीकडे जात होती. एक्स-मोड ती संरक्षण क्षेत्रातल्या ठेकेदारांना विकत होती आणि त्यांच्यामार्फत ती अमेरिकी सैन्यापर्यंत पोहोचत होती, असे त्या बातमीत म्हटले होते.

ही साखळी कशी चालते ते समजून घेऊ. ॲप बनवणारे सगळा कोड स्वतः लिहीत नाहीत. जाहिराती, नकाशे, आकडेवारी यांसाठी इतर कंपन्यांनी तयार करून दिलेले कोडचे तुकडे ते ॲपमध्ये बसवतात. एक्स-मोडसारखी कंपनी असा तुकडा बसवण्याचे पैसे देते. मग तो तुकडा फोनचे लोकेशन परस्पर आपल्या मालकाकडे पाठवत राहतो. त्यात नाव नसते, असे सांगितले जाते. पण रात्री फोन कुठे असतो, दुपारी कुठे असतो आणि शुक्रवारी कुठे थांबतो, एवढे कळले की माणूस ओळखायला नावाची गरज उरत नाही.

सैन्याला थेट माहिती विकल्याचा आरोप मुस्लिम प्रोने नाकारला. मात्र एक्स-मोडसह अशा सर्व भागीदारांशी संबंध तोडत असल्याचे तिने लगेच जाहीर केले. डिसेंबरमध्ये ॲपल आणि गुगल या दोघांनीही एक्स-मोडचा कोड काढून टाकण्याचे आदेश ॲप बनवणाऱ्यांना दिले. जानेवारी २०२१ मध्ये ‘सलात फर्स्ट’ या दुसऱ्या नमाज ॲपबद्दलही तशीच बातमी आली.

मग आली लेबलं

योगायोग असा की याच सुमारास, डिसेंबर २०२० मध्ये, ॲपलने आपल्या ॲप स्टोअरवर प्रायव्हसी लेबल सुरू केले. बिस्किटाच्या पुड्यावर साखर किती, तेल किती हे छापतात ना, तशीच ही कल्पना. ॲप कोणती माहिती घेते, ती तुमच्या ओळखीशी जोडते का आणि तिच्या आधारे इतर ॲप-वेबसाइटवर तुमचा माग काढते का, हे त्यात सांगावे लागते. गुगलनेही प्ले स्टोअरवर ‘डेटा सेफ्टी’ हा भाग आणला आणि जुलै २०२२ पर्यंत तो भरणे सर्व ॲपना बंधनकारक केले.

यामागचे कारण रास्त होते. लांबलचक गोपनीयता धोरणे कोणी वाचत नाही. २००८ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील दोन संशोधकांनी हिशेब मांडला होता: एखाद्याने वर्षभरात भेट दिलेल्या सगळ्या वेबसाइटची धोरणे खरोखर वाचायची ठरवली, तर त्यात दोनशेहून अधिक तास जातील. तेव्हा स्मार्टफोन आजच्यासारखे घराघरात पोहोचलेही नव्हते.

पण या लेबलात एक मोठी उणीव आहे. ते ॲप बनवणाराच भरतो. दुकानदाराने स्वतःच तराजू तपासून स्वतःच शिक्का मारावा, तसा हा प्रकार. दिलेल्या माहितीची आपण पडताळणी केलेली नाही, असे ॲपलने लेबल सुरू करताना स्वतःच लिहिले होते. जानेवारी २०२१ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या एका स्तंभलेखकाने काही ॲप तपासले, तेव्हा अनेकांची लेबले दिशाभूल करणारी किंवा सरळ चुकीची निघाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये मोझिला फाउंडेशनने प्ले स्टोअरवरील ४० लोकप्रिय ॲपची लेबले त्यांच्याच धोरणांशी ताडून पाहिली. जवळपास ८० टक्के ॲपमध्ये तफावत आढळली. ही पद्धत योग्य नसल्याचे गुगलचे म्हणणे होते.

व्याख्यांमध्येही पळवाटा आहेत. ॲपच्या वतीने काम करणाऱ्या ‘सेवा पुरवठादारा’ला माहिती दिली, तर गुगलच्या नियमांत ती ‘शेअर’ केली असे धरत नाहीत. म्हणजे लेबलावर ‘माहिती शेअर केली जात नाही’ असे वाचले, तरी ती दुसऱ्या कोणाकडेच जात नाही असा त्याचा अर्थ होत नाही.

लोकांचं वागणं बदललं का?

खरे सांगायचे तर, फार नाही. आपण ॲप उघडतो ते कामाच्या घाईत. इफ्तारला दहा मिनिटे उरली असताना कोण डेटा सेफ्टी वाचत बसणार?

जानेवारी २०२१ चा व्हॉट्सॲपचा किस्सा आठवा. नवे धोरण स्वीकारा, अशी सूचना फोनवर झळकली आणि भारतात एकच गदारोळ झाला. लाखो लोकांनी सिग्नल आणि टेलिग्राम डाउनलोड केले. व्हॉट्सॲपला मुदत फेब्रुवारीवरून मे महिन्यापर्यंत पुढे ढकलावी लागली. पण पुढे काय झाले? बहुतेक जण व्हॉट्सॲपवरच राहिले, कारण खानदानाचा ग्रुप तिथे, मदरशाचा ग्रुप तिथे आणि दुकानाचे गिऱ्हाईकही तिथेच. माहिती मिळाली तरी जायला दुसरी जागा नसेल, तर माणूस जागचा हलत नाही. याला बेफिकिरी म्हणणे आम्हाला योग्य वाटत नाही. ती नाइलाजाची निवड असते.

कंपन्या मात्र कशाने हलल्या?

एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने आणखी एक पाऊल टाकले. आता प्रत्येक ॲपला स्क्रीनवर सरळ विचारावे लागते: ‘इतर कंपन्यांच्या ॲप आणि वेबसाइटवर तुमचा माग काढू देणार का?’ हे स्टोअरच्या पानावर खाली दडलेले लेबल नव्हते. प्रश्न समोर होता, उत्तर एका बोटाच्या अंतरावर होते आणि ‘नाही’ म्हटले तरी ॲप चालत होते. बहुसंख्य लोकांनी नकार दिला. यामुळे २०२२ या एका वर्षात सुमारे १० अब्ज डॉलरचा फटका बसेल, असा अंदाज फेसबुकची मालक कंपनी मेटाने स्वतः मांडला.

माणसे तीच, फोनही तेच. लेबलाने जे झाले नाही, ते एका सोप्या प्रश्नाने झाले. त्यामुळे ‘लोकांना प्रायव्हसीची पर्वाच नाही’ हा कंपन्यांचा लाडका युक्तिवाद टिकत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे कायद्याचा बडगा. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एक्स-मोड आणि तिची वारसदार कंपनी आउटलॉजिक यांना संवेदनशील ठिकाणांची लोकेशन माहिती विकण्यास मनाई केली. या ठिकाणांत दवाखान्यांबरोबर प्रार्थनास्थळेही होती. मशिदीत कोण जाते ही माहिती बाजारात विकायची वस्तू नाही, हे त्यामुळे सरकारी आदेशात उतरले. भारतात व्हॉट्सॲपच्या त्याच धोरणावरून स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला. वर्षभराने अपील न्यायाधिकरणाने काही निर्बंध उठवले, पण दंड कायम ठेवला.

म्हणजे लेबलाचा काहीच उपयोग नाही का? आहे. लेबल ही कंपनीची लेखी जबानी असते. सामान्य माणूस ती वाचो न वाचो, पत्रकार, संशोधक आणि नियामक ती वाचतात आणि खोटी निघाली तर कंपनीला जाब विचारतात. अमेरिकेत २००६ पासून खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर ट्रान्स फॅट छापणे सक्तीचे झाले, तेव्हा अनेक कंपन्यांनी आपल्या पाककृतीच बदलल्या. पण तिथे आकडा खोटा छापल्यास कारवाईची भीती होती. तपासणारा आणि दंड करणारा नसेल, तर लेबल नुसता कागद ठरते.

आपल्याकडचा कायदा

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोपनीयता हा मूलभूत अधिकार असल्याचा निकाल दिला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. कंपन्यांवरची मुख्य बंधने त्यानंतर दीड वर्षाने लागू होणार आहेत.

यातल्या दोन तरतुदी आपल्या घरांसाठी महत्त्वाच्या आहेत. एक, संमतीची सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. मराठी आणि उर्दू दोन्ही त्यात आहेत. दुसरी, १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती लागेल. नियमभंगाला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र सरकारी यंत्रणांना यात मोठ्या सवलती आहेत आणि त्यावर तज्ज्ञांनी आक्षेपही घेतले आहेत.

घरात काय करता येईल?

कायद्याची वाट पाहतानाही काही गोष्टी आजच करता येतात.

- नमाजच्या ॲपमध्ये शहर हाताने निवडण्याची सोय असेल तर ती वापरा. आपण पुण्यात आहोत एवढे कळले तरी वेळा बरोबर येतात, गल्लीचा पत्ता लागत नाही.
- किब्ल्यासाठी लोकेशन द्यायचेच असेल, तर ‘फक्त ॲप वापरत असताना’ आणि ‘अंदाजे लोकेशन’ हे पर्याय निवडा.
- अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये गोपनीयता आणि जाहिरात विभागात जाऊन जाहिरात आयडी डिलीट करा. आयफोनवर ‘ट्रॅक करू नका’ निवडा.
- लेबल वाचायला फार वेळ लागत नाही. टॉर्चचे ॲप लोकेशन मागत असेल, तर ते काढून टाकलेलेच बरे.
- अम्मी-अब्बांचा आणि मुलांचा फोन महिन्यातून एकदा सोबत बसून तपासा. न वापरलेले ॲप काढून टाका.

मोहल्ल्यातल्या मशिदीचे वेळापत्रक छापील मिळते, तेही घरात लावून ठेवा. त्याला कोणतीच परवानगी द्यावी लागत नाही.